शेवटचा माणूस येईपर्यंत

पहाटे पावणेसहाला उज्जैनच्या कोठी रोडवरच्या एका कडुलिंबाखाली काही माणसं उभी असतात. फिरायला आलेली, पण उभी. कुणी घोटा गोल फिरवतं, कुणी रात्री ऐकलेली बातमी सांगतं, कुणी तीन बत्ती चौकाच्या दिशेला डोळे लावून असतं. ‘दिसले का?’ ‘काठी दिसली.’ मग आधी काठी, मागोमाग पांढरी टोपी आणि टोपीखाली ब्याऐंशी वर्षांचे आमचे अण्णा, असे एकेक करून उजेडात येतात. अण्णा झाडाच्या खोडाला हात लावतात, ‘जय महाकाल’ म्हणतात आणि मंडळी हलते.

या मंडळीत मला अकरा वर्षं झाली. एरवी पंचवीस-तीस जण असतो, पौषातल्या थंडीत दहा-बारा. बँकेतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेले, दोन शिक्षिका, कापडाचे एक व्यापारी, एक दातांचे डॉक्टर आणि शर्यतींसाठी पळणारी तीन तरुण मुलं. निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी मालवी नाहीतर हिंदी. त्यामुळे वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसरीत संपतं. ‘अरे भैया, जरा आरामात चला ना, माझा गुडघा बोलायला लागलाय’ हे आमच्याकडे अगदी शुद्ध वाक्य आहे. मंडळीला नाव द्यायचं दोनदा ठरलं. दोन्ही वेळा पोह्यांच्या गाडीशी पोचेपर्यंत विषय बदलला.

महाराष्ट्रातून येणाऱ्या नातेवाइकांना उज्जैन म्हणजे महाकाल आणि क्षिप्रेचा घाट एवढंच ठाऊक असतं. पण रेल्वेच्या रुळांनी या गावाचे दोन भाग केले आहेत. एकीकडे जुनं उज्जैन, घाटांचं आणि गल्लीबोळांचं. दुसरीकडे फ्रीगंज, सरळ रस्त्यांचं आणि घड्याळाच्या टॉवरचं. कागदोपत्री त्याचं नाव माधवनगर. शिंद्यांच्या राज्यात ही पेठ बसवताना व्यापाऱ्यांना करात सूट दिली, म्हणून हे ‘फ्री’ गंज, असं जुने लोक सांगतात. मराठी माणसं त्याच्याही आधीची. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, दरबार गेला, पण पुष्कळ घरं इथेच राहिली. आमच्या घरात अजून पुरणपोळी आणि दाल-बाफला एकाच आठवड्यात होतात.

कोठी रोड हा आम्हा फ्रीगंजवाल्यांचा फिरायचा रस्ता. दुतर्फा झाडं, बऱ्यापैकी सपाट, पहाटे गाड्या कमी. ज्याच्यावरून नाव पडलं तो शिंद्यांच्या काळातला कोठी महाल, जिथे पुढे कितीतरी वर्षं कलेक्टर कचेरी भरायची, तोही याच रस्त्याला. 1957 साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेलं विद्यापीठ, विक्रम कीर्ती मंदिर, कालिदास अकादमी हे सगळं या परिसरातच. अलीकडे इथे अधूनमधून राहगीरी भरते. रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद करायचा आणि लोकांनी त्यावर नाचायचं, दोरीच्या उड्या मारायच्या, मलखांब करायचा. आपल्या देशात ही रीत 2013 मध्ये गुरुग्रामने सुरू केली; त्याआधी 1974 पासून कोलंबियातल्या बोगोटा शहरात रविवारचे रस्ते सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळे करत आले आहेत. राहगीरीला गर्दी लोटते, ढोल वाजतात, मजा येते. पण मला इथे सांगायचंय ते सोमवारी पहाटे कोण येतं आणि का येतं, त्याबद्दल.

चालणाऱ्यांचा गट जमवणं सोपं, टिकवणं फार अवघड. कारण साधं आहे, प्रत्येकाची चाल वेगळी. झपाझप चालणाऱ्याला हळू चालणाऱ्यासोबत पाऊल आखडावं लागतं आणि त्याचे पाय दुखतात. हळू चालणाऱ्याला आपण ओझं झालोय असं वाटतं, आणि आठवड्याभरात तो ‘जरा सर्दी आहे’ म्हणून घरी बसतो. माझ्या डोळ्यांसमोर असे दोन गट फुटले. एकात चालीवरून, दुसऱ्यात निवडणुकीवरून.

आमचाही फुटला असता. आठ वर्षांपूर्वी, जानेवारीत, धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. तेव्हा जो तो आपापल्या चालीने चालायचा आणि शेवटी पोह्यांच्या गाडीवर भेटायचा. त्या दिवशी पोहे खाऊन झाले, चहा झाला, घरी निघालो, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की रेल्वेतले काका आलेलेच नाहीत. ते रस्त्याच्या कडेला एका मोरीच्या कठड्यावर बसले होते. मफलर सोडलेला, कपाळावर घाम, उजवा हात डाव्या दंडावर. पाऊण तास ते तिथे होते. त्या पाऊण तासात आमच्यातले निदान पाचजण दहा फुटांवरून पुढे गेले होते. त्याच दुपारी त्यांना स्टेंट बसवला आणि ते वाचले. दुसऱ्या दिवशी झाडाखाली कुणी फारसं बोललं नाही. अण्णांनी एवढंच सांगितलं, ‘आजपासून शेवटचा माणूस आल्याशिवाय गाडीवर कुणी प्लेट हातात घ्यायची नाही.’

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे आणि त्याच्याभोवती बाकी सगळं आपोआप बसत गेलं. पळणारी मुलं रस्त्याच्या टोकाला जाऊन परत येतात, आम्हाला ओलांडून मागे अण्णांपर्यंत जातात, त्यांना ‘सब ठीक?’ विचारतात आणि पुन्हा पुढे सुटतात. त्यांचे दहा किलोमीटर होतात, अण्णांचे दीड. पण सकाळभरात दोघांची चार वेळा गाठ पडते. मधली मंडळी तीन ठिकाणी थांबते: कडुलिंब, एक बाक आणि वळणावरचं एक छोटं देऊळ. गप्पा खऱ्या रंगतात त्या थांब्यांवर. मुलीचं स्थळ, पेन्शनचा अडकलेला कागद, कुठल्या दुकानात ताजी शेव, सगळं तिथेच निघतं.

पुढे वाचताना कळलं की हीच अडचण पार मलायात, फार पूर्वी, आणखी एका गटाने सोडवली होती. 1938 साली क्वालालंपूरमध्ये ए. एस. गिस्पर्ट नावाच्या हिशेबनिसाने काही मित्रांना घेऊन सोमवारी संध्याकाळी पळायला सुरुवात केली. ते ज्या क्लबात जेवायचे तिथल्या रटाळ जेवणामुळे त्या जागेला ‘हॅश हाउस’ म्हणायचे, म्हणून गटाचं नाव पडलं हॅश हाउस हॅरियर्स. एकजण ‘ससा’ होऊन आधी जायचा आणि कागदाच्या कपट्यांनी माग टाकायचा. बाकीचे तो माग काढत पळायचे. त्यात ससा मुद्दाम खोटे माग घालतो. सगळ्यात जोरात पळणारे आधी त्या खोट्या वाटेवर शिरतात, पुढे माग संपतो, परत फिरावं लागतं. तोवर मागून रमतगमत येणारे खऱ्या वाटेवर पोचलेले असतात. चपळ माणूस जास्त पळतो, संथ माणूस कमी, आणि शेवटाला सगळे एकत्र. पळणं झालं की बिअर आणि गाणी. 1950 मध्ये सरकारदरबारी नोंदणी करताना त्यांनी उद्देश लिहिले. त्यात आपल्याला वाटतं तितके आपण म्हातारे नाही हे वयस्कर सभासदांना पटवून देणं, हाही एक होता. गिस्पर्ट ते पाहायला नव्हते. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत ते मारले गेले. मित्रांनी युद्धानंतर गट पुन्हा उभा केला आणि आज जगभर त्याच्या शाखा आहेत, मुंबईतही. खोट्या मागाची ही युक्ती मला फार आवडते. कुणालाही ‘हळू चाल’ किंवा ‘लवकर ये’ असं न सांगता सगळ्यांना एका वेळी एका जागी आणायचं, याला माणसांची जाण लागते.

आमच्याकडे बिअरच्या जागी पोहे. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण माळव्याचे पोहे आपल्या घरच्या कांदेपोह्यांसारखे नसतात. गाडीवर उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर पोह्यांची मोठी परात. खालच्या वाफेवर पोहे तासन्‌तास मऊ राहतात. फोडणीत बडीशेप, चवीला किंचित साखर. प्लेटमध्ये घेतल्यावर वरून बारीक कांदा, शेव, लिंबू, डाळिंबाचे दाणे असले तर ते, आणि जीरावन. भाजलेल्या जिऱ्याचा, आंबटसर, जरा झोंबणारा हा मसाला पडल्याशिवाय इथे पोहे पुरे होत नाहीत. बाजूला गरम जिलबी. मधुमेहवाले अर्धी जिलबी दुसऱ्याच्या प्लेटमधून घेतात आणि घरी सांगताना ती धरत नाहीत. वाढदिवस असेल त्याने पैसे द्यायचे. गाडीवाले भैया आमची डोकी मोजतात. अण्णा दिसेपर्यंत ते परातीवरचं झाकण काढत नाहीत.

मी आले तेव्हा बायका वेगळ्या चालायच्या, रस्त्याच्या डाव्या कडेने, पुरुषांच्या वीस पावलं मागे. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण होतं. त्या जानेवारीनंतर हे अंतर मिटलं, कारण मागे राहिलेल्यांवर लक्ष कायम आम्हा मागे चालणाऱ्यांचंच असायचं आणि ते आता सगळ्यांना कळलं होतं. ज्या सूनबाईंना पहाटे एकटीने बाहेर पडायला घरून परवानगी नव्हती, त्यांना ‘अण्णा आहेत, काकू आहेत’ एवढ्यावर ती मिळाली. त्यातली एक आता एकवीस किलोमीटरच्या शर्यती पळते. मला विचाराल तर मंडळीच्या साऱ्या कमाईत ही सगळ्यात मोठी.

हसणंही आहे. बाकावरच्या थांब्याला पाच मिनिटं हास्यक्लब. हा आपल्या मुंबईचा शोध: 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या बागेत पाचजणांना घेऊन तो सुरू केला. आधी विनोद सांगायचे. काही दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते कुणाला तरी बोचणारे. मग विनोद सोडून नुसतंच हसायचं ठरलं आणि ते खोटं हसू मिनिटभरात खरं होतं असं दिसलं. आमच्या बाकावर ते रोज खरं होतं. रेल्वेतले काका आधी हसतात, मग खोकतात, मग त्यांच्या खोकल्यावर सगळे हसतात, त्यात तेही.

पावसाळ्यात एक रविवार गोठीचा. माळव्यात गावाबाहेर जाऊन रांधून खाण्याला गोठ म्हणतात. शेण्यांच्या निखाऱ्यावर बाफले. बाटी नुसतीच भाजतात. बाफला आधी पाण्यात उकडतात, मग निखाऱ्यात भाजतात, मग हाताने दाबून, फोडून तुपात सोडतात. हे फोडणं पुरुषांचं काम, निदान आमच्यात. रस्त्यावर एरवी कुणाला शब्द उसना न देणारे आमचे व्यापारी तिथे राख झटकत प्रत्येकाला ‘अजून एक’ म्हणून वाढत असतात.

या गावात राहून, पायी हिंडून मोठं काम केलेला एक माणूस चालता चालता आमच्या बोलण्यात वारंवार येतो, तो म्हणजे विष्णू श्रीधर वाकणकर. नीमचला 1919 मध्ये जन्म, कर्मभूमी उज्जैन, आयुष्यभर इथल्या पोरांना घेऊन डोंगरदऱ्या तुडवलेल्या. भोपाळकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना काही खडक दिसले. फ्रान्स-स्पेनमधल्या चित्रगुहांसारखेच वाटले. 1957 मध्ये ते तिथे गेले आणि भीमबेटका जगापुढे आलं. उज्जैनजवळच्या कायथ्याची ताम्रपाषाणयुगीन वस्तीही त्यांनीच ओळखली. उतारवयात सरस्वतीच्या कोरड्या पात्राच्या शोधात सोबत्यांना घेऊन ते हजारो किलोमीटर फिरले. खडकावरचं चित्र असो की शेतातलं खापर, वाकणकरांना ते दिसलं, कारण ते पायी होते आणि थांबत होते.

आणि मग पंचक्रोशी यात्रा. उत्तरेकडच्या पंचांगात वैशाख वद्य दशमी ते अमावस्या, आपल्या मराठी पंचांगात तोच चैत्र वद्य पक्ष. भर उन्हाळ्याचे पाच दिवस आणि 118 किलोमीटर. उज्जैनच्या चार दिशांना चार द्वारपाल: पूर्वेला पिंगळेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर, उत्तरेला दुर्दुरेश्वर. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून चालण्यासाठी बळ मागायचं आणि निघायचं. परत आल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करायचं. बळ मागून आणलेलं, काम झालं की परत द्यायचं, हा हिशेब मला दर वर्षी नव्याने भिडतो.

माळव्याच्या खेड्यांतून माणसं लोटतात, त्यात बायका जास्त. डोक्यावर गाठोडं, त्यात पीठ, डाळ, एक पातळ, एक चादर. ऊन टाळायचं म्हणून पहाटेच्या आणि रात्रीच्या अंधारात चालणं, दुपारी झाडाखाली नाहीतर मंडपात पडणं, संध्याकाळी पडावावर शेण्या पेटवून बाटी. सारा वेळ मालवी भजनं. एक टोळी ओळ म्हणते, पुढची टोळी ती उचलते, आणि पार वळणापलीकडून ती परत ऐकू येते. पंढरीची वारी पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे टाळ-मृदंग नाहीत, पालखी नाही आणि जायचं गोल.

आमची मंडळी पाचही दिवस जात नाही. पहिला टप्पा, पिंगळेश्वरापर्यंतचे 12 किलोमीटर, तेवढे चालतो. पुढच्या पडावाचे 23 ज्यांना झेपतात ते पुढे जातात. गेल्या वर्षी आमच्या पुढे एका गावच्या पंधरा-वीस बायका होत्या. चांगल्या वेगात जात होत्या. अचानक सगळ्यांनी गाठोडी उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली आणि भजन न थांबवता उभ्या राहिल्या. मागून एक वाकलेली आजी येत होती, एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. ती येऊन टेकली, पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं. भजनाचं कडवं पुरं झालं. मग गाठोडी परत डोक्यावर चढली आणि या वेळी आजी सगळ्यांच्या पुढे होती.

रेल्वेतले काका त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्यासोबत पिंगळेश्वरापर्यंत आले. डॉक्टरांना विचारून, सावकाश, सहा ठिकाणी थांबून. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी रिक्षा घरी न नेता पटनी बाजारात वळवायला सांगितली. पाच दिवस पुरे न करता घोडा वाहतात का, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. काकांनी एक छोटा घेतला, तळहातात मावेल एवढा, एका कानाचा टवका उडालेला. रांग लांब होती. आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि ते येईपर्यंत थांबलो.