‘फक्त हँडल बदललं की झालं!’

भाच्यानं गोव्याच्या ट्रायथलॉनसाठी घेतलेली सायकल दोन वर्षं आमच्या व्हरांड्यात उभी होती. आता त्याला ती दर रविवारी मित्रांच्या घोळक्यात सिंहगडाकडे न्यायची आहे. ‘मामा, फक्त हँडल बदललं की झालं,’ म्हणाला. तेवढ्यानं भागतं तर काय हवं होतं!

ट्रायथलॉनमध्ये कुणाच्या आडोशाला न राहता एकट्यानं वाऱ्याशी झुंजायचं असतं. म्हणून स्वार पुढे झुकून कोपरं लांब दांड्यांवर टेकतो. १९८९ साली ग्रेग लेमाँडनं अशाच दांड्या लावून टूर द फ्रान्स अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. पण तो शेवटचा टप्पाही एकेकट्यानं धावायचा होता. घोळक्यात हात ब्रेकपासून दूर असले, तर पुढच्याच्या चाकावर आदळणं ठरलेलं.

दांड्या काढून वाकडं हँडल बसवता येतं. त्याबरोबर ब्रेक-गिअरचे नवे लिव्हर लागतात, आणि खिसा तिथेच रिकामा होतो. पण खरी मेख सीटची. भाच्याच्या फ्रेमची सीटखालची नळी ७८ अंशांत उभी. रोड सायकलची ७३ च्या आसपास. म्हणजे सीट जवळजवळ ६ सेंटिमीटर मागे हवी. मागे वाकलेला सीटपोस्ट देतो जेमतेम अडीच. चपट्या पोस्टची फ्रेम असती, तर तोही बसला नसता. शिवाय सीट मागे गेली की हँडल लांब पडतं, म्हणून स्टेम आखूड घ्यावा लागला.

ओळंबा सोडून मोजलं, साडेतीन सेंटिमीटर साधले. पहिल्या रविवारी स्वारी खडकवासल्यापर्यंत जाऊन आली. घाटाचं विचारलं, तर म्हणाला, ‘आधी मान बघू दे!’