खेळाचं व्याकरण, भाग ९ : हरला तो घरी

८ एप्रिल २०२५, मंगळवार. वेलिंग्टनच्या उत्तरेला असलेल्या जॉन्सनव्हिलमध्ये दुपारचा एक वाजत आला होता. त्याच वेळी अमेरिकेत, सॅन अँटोनिओला, सोमवारच्या रात्री विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा फ्लोरिडा विरुद्ध ह्यूस्टन हा अंतिम सामना सुरू होत होता. जॉन्सनव्हिलच्या ऑन्स्लो कॉलेजातल्या बास्केटबॉलवेड्या मुलांना मात्र तो बघायची सोय नव्हती. नाव कॉलेज असलं तरी ही माध्यमिक शाळा, आणि न्यूझीलंडमध्ये २०२४ पासून शाळेच्या वेळात, अगदी मधल्या सुट्टीतही, मोबाइल वापरायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर, जवळच्या रारोआ स्टेशनात गाडीची वाट बघताना, त्यांना निकाल कळला असणार : फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. (रारोआनंतर वेलिंग्टनच्या दिशेने पुढचं स्टेशन खंडाला. हो, आपल्या घाटातल्या खंडाळ्याचंच नाव तिथवर पोचलं आहे.)

या स्पर्धेचा नियम एका ओळीचा आहे : हरला तो घरी. २०२५ मध्ये संघ होते ६८. पहिल्या चार सामन्यांत त्यांचे ६४ झाले, आणि मग सहा फेऱ्यांत एकच उरला. त्यांपैकी ३१ संघ आपापल्या गटाची स्पर्धा जिंकून आले, उरलेले ३७ निवड समितीने घेतले. चार विभाग पाडून प्रत्येकात १ ते १६ मानांकनं देतात आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी घालतात. वर्षभर चांगलं खेळलेल्याला मिळणारी सवलत ती एवढीच. २०१८ पर्यंत सोळाव्या मानांकनाचे संघ अशा १३५ सामन्यांत एकदाही जिंकले नव्हते. त्या वर्षी मेरीलँड–बाल्टिमोर काउंटी या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या विद्यापीठाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४–५४ असं हरवलं, आणि व्हर्जिनियाचा सगळा मोसम त्या एका रात्रीत संपला.

२०२५ च्या अंतिम सामन्याचा शेवट मुद्दाम सावकाश बघण्यासारखा आहे. दुसऱ्या सत्रात ह्यूस्टन १२ गुणांनी पुढे होतं. अखेरच्या क्षणी ते दोन गुणांनी मागे पडलं, पण चेंडू त्यांच्याच हातात होता. इमॅन्युएल शार्पने तीन गुणांच्या फटक्यासाठी उडी घेतली. तेवढ्यात फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन धावत त्याच्या अंगावर आला. फेकला तर चेंडू अडणार, आणि चेंडू हातात धरून खाली उतरला तर पायांचा नियम मोडणार. शार्पने चेंडू हवेतच सोडून दिला. आता दुसऱ्या कुणाचा हात लागेपर्यंत त्याला स्वतःला तो उचलता येईना. उचलला असता तर नियमभंगच ठरला असता. चेंडू जमिनीवर टप्पे घेत राहिला, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून आलेल्या, फ्लोरिडाच्याच ॲलेक्स कॉन्डनने त्यावर झेप घातली आणि वेळ संपली. अख्खा मोसम भक्कम बचावावर जिंकत आलेल्या ह्यूस्टनला शेवटी साधा फटकाही मारता आला नाही.

वेलिंग्टनकरांना ‘हरला तो घरी’ या नियमाची झळ आधीच लागली आहे. रोटोरुआचा स्टीव्हन ॲडम्स वडील गेल्यावर वेलिंग्टनला आला, स्कॉट्स कॉलेजात शिकला आणि प्रशिक्षक केनी मॅकफॅडनच्या हाताखाली घडला. २०११ मध्ये तो वेलिंग्टन सेंट्सकडून व्यावसायिक लीग खेळला, पण मानधन घेतलं नाही, कारण पैसे घेतले असते तर अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून खेळायचा हक्क गेला असता. एवढं जपून तो पिट्सबर्गला पोचला. मार्च २०१३ मध्ये आठव्या मानांकनाच्या पिट्सबर्गला नवव्या मानांकनाच्या विचिटा स्टेटने ७३–५५ असं हरवलं. ॲडम्सच्या वाट्याला ही स्पर्धा एका सामन्यापुरतीच आली. त्यात त्याने १३ गुण आणि ११ रिबाउंड मिळवले. त्याच विचिटाने पुढच्या फेरीत अव्वल गोन्झागालाही बाहेर काढलं आणि उपांत्य फेरी गाठली. ॲडम्सला त्या जूनमध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या ओक्लाहोमा सिटीने बाराव्या क्रमांकावर निवडलं.

न्यूझीलंडच्या शाळांची पद्धत वेगळी आहे, आणि मला ती जास्त पटते. हिवाळाभर शाळाशाळांची साखळी चालते, मग विभागीय पात्रता फेरी, आणि तिथून पुढे गेलेले संघ पामर्स्टन नॉर्थला राष्ट्रीय स्पर्धेसाठी जमतात. तिथेही आधी गटसाखळी असते, आणि विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर पडलेले संघसुद्धा खालच्या क्रमांकांसाठी खेळत राहतात. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांतही आधी विभागीय फेरी असतेच. पण लांबचा प्रवास करून आलेला संघ पहिल्याच सामन्यात हरला की त्याच रात्री सामान बांधतो. प्रेक्षक म्हणून मला बाद फेरीसारखी गोष्ट आवडत नाही असं नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट घालून मैदानात उतरायला मिळायला हवं. कालची चूक आज सुधारायची संधी त्यांना तिथेच मिळते.