जुन्या गाडीची विजेवर चालणारी काच : मृगाआधीची तपासणी व दुरुस्ती



पंपसेटच्या देखभालीवर आपण कार्यक्रमात बोललो. त्यानंतर पनवेल, उरण, पेण भागातून जी पत्रे आली, त्यांतल्या काहींत पंपाचा विषय राहिला बाजूला आणि विचारणा होती ती मोटारगाडीच्या काचेची. "बटण दाबले की काच खाली जाते, वर येत नाही." "डावीकडची काच पावसाळ्यापासून अडकली आहे, मोटर बदलू का?" शेतीच्या पत्रिकेत गाडीची काच कशाला, असे कुणी म्हणेल. पण आज गावोगाव दारापुढे एखादी सेकंडहँड गाडी उभी असते. पहाटे तिच्यातून भाजी वाशीच्या बाजार समितीत जाते, परतताना खताची गोणी येते आणि रविवारी सगळे घर तिच्यात बसून लग्नाला जाते. मी कृषी पदवीधर आहे, मोटारीचा मेस्त्री नव्हे. तरी माझी स्वतःची गाडी सतरा वर्षांची आहे आणि तिच्या काचांनी मला बरेच शिकवले आहे.

दुसरे असे, की हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईत काही माणसे पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर आपल्याच गाडीत अडकली. दारे उघडेनात, काचा खाली येईनात, आणि त्यांचा जीव आतच गेला. आपल्या नवी मुंबईचा बराच भाग खाडीवर भर घालून उभा राहिला आहे. खारबंदिस्तीच्या बांधाला जशी उघाडी असते, तशीच झडपेची दारे इथल्या धारण तलावांना आहेत. भरतीला ती मिटतात. वरून मुसळधार आणि खाडीला मोठी भरती असे एकदम जुळले, की पाण्याला जायला वाट उरत नाही आणि पुलाखालचे सखल रस्ते भरतात. अशा वेळी काच खाली येणे म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा उघडणे होय.

म्हणून दुरुस्तीकडे वळण्याआधी एवढे सांगून ठेवतो. भरलेल्या रस्त्यात गाडी घालूच नये. तरी सापडलातच, तर पाणी दारापर्यंत चढू लागताच काचा खाली करा. पाण्याचा दाब आला की दार ढकलून उघडत नाही. इंजिन बंद पडले तरी किल्ली काढू नका, कारण बहुतेक गाड्यांत किल्ली चालू असेपर्यंतच काचेला वीज मिळते. पट्टा सोडा, आधी मुले बाहेर काढा, मग स्वतः निघा. काच हललीच नाही, तर बाजूची काच कोपऱ्याजवळ टोकदार पोलादी हातोडीने फोडावी. जुन्या गाडीच्या बाजूच्या काचेचा टोकदार घावाने एकदम चुरा होतो. पुढची मोठी काच दुपदरी असते, तिच्यावर ताकद घालवू नये. ही हातोडी चालकाच्या हाताशी असावी. डिकीत ठेवलेली काही कामाची नाही.

आता काच चालते कशी ते पाहू. दाराच्या पोटात एक छोटी मोटर असते, बारा व्होल्टची. पंपाच्या मोटरच्या दोन फेज अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, हे आपणांस ठाऊक आहेच. इथे तारा दोनच आहेत. बटण त्यांची अदलाबदल करते आणि काच वर किंवा खाली जाते. मोटर जे यंत्र फिरवते त्याला मेस्त्री लोक काचेचे मशीन म्हणतात. ते दोन तऱ्हेचे असते. एक कात्रीसारखे, लोखंडी पट्ट्यांचे. दुसरे दोराचे: बारीक पोलादी तार फिरकीवर गुंडाळलेली, आपल्या रहाटासारखीच. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले जसा मोटर तापली की तोडतो, तसा तोडणारा भाग बऱ्याच मोटरींच्या आतच बसवलेला असतो. म्हणून काच अडकली असता बटण दाबून धरले, तर मोटर साफ गप्प होते आणि काही मिनिटांनी निवली की पुन्हा बोलते. ती जळली असे समजून घाई करू नये.

ही घाई मी केली आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीची डावी काच बंद पडली. एका गॅरेजमध्ये दाखवली. मेस्त्रीने दार न उघडताच "साहेब, मोटर गेली" असे सांगितले आणि नवी मोटर बसवली. चार दिवस काच चालली, पाचव्या दिवशी पुन्हा बंद. शेवटी घरी बसून पाहिले, तर दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधल्या रबरी नळीत एक तार तुटून नुसती टेकलेली होती. दार उघडमिट करताना ती कधी जुळे, कधी सुटे. जुनी मोटर भंगारात गेली होती, ती बहुधा चांगलीच होती. साडेतीन हजार रुपये त्या दोन इंच तारेपायी गेले.

तेव्हा आधी कान द्यावा. गाडी सुरू करून शांत जागी उभी करा आणि बटण दाबा.

काहीच आवाज नाही, तर वीज पोचत नाही असे धरून चाला. सगळ्याच काचा बंद असतील, तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूज कुठला ते गाडीच्या पुस्तकात किंवा फ्यूजपेटीच्या झाकणावर लिहिलेले असते. जळलेल्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. घरच्या फ्यूजमध्ये जाड तार घालायची खोड आपल्याला आहे, ती इथे आणू नये. दाराच्या आत आग लागते. एकच काच बंद असेल, तर दार अर्धे उघडून हळूहळू पुढेमागे करत बटण दाबा. मध्येच काच हलली, तर बिजागरीजवळची तार तुटली आहे, हे जवळजवळ नक्की. गाडी पेंढ्याच्या उडवीशेजारी लागत असेल, तर उंदराने तारा कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहावे. बाजूच्या दाराची काच त्या दाराच्या बटणाने चालत नाही, पण चालकाकडच्या बटणाने चालते, असे असेल तर दोष दारावरच्या बटणात किंवा चालकाकडच्या कुलूपबटणात. उलटही घडते. पुष्कळ गाड्यांत सर्व दारांची वीज चालकाकडच्या मुख्य बटणपेटीतून जाते, त्यामुळे डाव्या दाराचा दोष उजव्या दारात सापडतो!

आवाज येतो, डॅशबोर्डचे दिवे क्षणभर मंद होतात, पण काच हलत नाही, तर मोटर जोर करते आहे आणि काच अडली आहे. मोटर गरगर फिरते, काच जागची हलत नाही किंवा दाराच्या पोटात कोसळते, तर मशीनची तार किंवा प्लास्टिकचा भाग तुटला. आणि काच रांगत रांगत वर येते, मध्ये तिरकी होते, तर नव्वद टक्के काम रबराचे आहे. ही टक्केवारी माझ्या अनुभवाची, छापील पुस्तकातली नव्हे.

या रबराकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. काच ज्या खाचेतून वरखाली सरकते, तिला आतून मऊ रबर असते. आपल्या भागात उन्हाळ्यात ते कडक होते, त्यात रस्त्याची धूळ आणि खाडीवरची खारट हवा बसते. मग मोटरला दुप्पट ताकद लावावी लागते, बटणाचे टोक ठिणगीने काळवंडते, मशीनची तार ताणते. म्हणजे मूळ रोग रबराचा आणि बळी जातो मोटरचा. काच पूर्ण खाली करून ओल्या फडक्याने खाच पुसून काढावी, वाळू द्यावी, मग सिलिकॉन स्प्रे दोन्ही बाजूंनी मारावा आणि काच आठदहा वेळा वरखाली करावी. गोडेतेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांतले काहीही रबराला लावू नये. तेलाने रबर फुगते आणि त्यावर धूळ लुकणासारखी चिकटते. पांढरे ग्रीस लावायचे ते आत, मशीनच्या लोखंडी पट्टीला. एवढ्यावरच कित्येक काचा पुन्हा चालू लागतात, आणि खर्च एका स्प्रेच्या डब्याचा.

रबराने भागले नाही तर दार उघडावे लागते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडा. गाडीला एअरबॅग असेल तर ही गोष्ट टाळूच नये. हाताच्या टेकणाखाली आणि हँडलमागे स्क्रू असतात. ते काढले की दाराचे पॅड कडेने नुसत्या क्लिपांवर राहते. क्लिपा जुन्या गाडीत मोडतात, पाचसहा आधीच आणून ठेवाव्यात. पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो न फाडता सोडवावा. तपासणीपुरती बॅटरी पुन्हा जोडा. हात आत घालण्यापूर्वी ती परत सोडायची आहे. मोटरचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि बटण वर, मग खाली दाबा. दोन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला, काच मोकळी असली आणि प्लग परत लावूनही मोटर गप्प राहिली, तर दोष मोटरचा. बल्ब एकाच बाजूला पेटला किंवा मिणमिणला, तर बटण काढून त्याची टोके कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. काजळी जाड असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा. तुटलेली तार नुसती पीळ देऊन जोडू नये. डाग मारून वर नळी चढवावी, आणि दाराच्या उघडझापेसाठी थोडी सैल ठेवावी.

मोटर किंवा मशीन सोडवायचे झाल्यास काच वर करून दाराच्या चौकटीला रुंद चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी बांधून टाकावी, नाहीतर ती कोयत्यासारखी खाली येते. कात्रीच्या मशीनला काही गाड्यांत ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सुटताच पट्ट्या झटक्याने मिटतात आणि बोट सापडले तर तुटते. हे काम घरी न करता सरळ मेस्त्रीकडे द्यावे. एका टिचकीने पूर्ण वर जाणाऱ्या काचेला इलेक्ट्रॉनिक डबी असते. तिथेही घरगुती प्रयोग नकोत. सुटा भाग जुना घ्यायचा असेल तर कुर्ल्याच्या बाजारात मिळतो, पण डावे-उजवे आणि प्लगची टोके जुळवून घ्यावी.

मुलांबद्दल एक गोष्ट विसरू नका. जुन्या गाड्यांच्या काचा बहुधा मध्ये हात आला म्हणून थांबत नाहीत. मूल सीटवर गुडघे टेकून बाहेर डोकावते आणि गुडघ्याखाली बटण दाबले जाते. चालकाकडचे कुलूपबटण मुले गाडीत असताना लावलेलेच असावे, आणि किल्ली लावून मुलांना गाडीत एकटे सोडू नये. मात्र हे कुलूपबटण पाण्यात सापडल्यावर लगेच सोडायचे असते. ते कुठे आहे हे घरातल्या सर्व चालवणाऱ्यांनी अंधारातही हाताने शोधून पाहावे.

पॅड परत लावण्याआधी दाराची खालची कड तपासा. तिथे पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. काचेवरून येणारे पावसाचे पाणी दाराच्या पोटातच उतरते आणि या भोकांतून बाहेर पडते. शेताच्या वाटेचा चिखल त्यांत बसला, की दार हौदासारखे भरते, मोटर गंजते, पत्रा सडतो. जाड तारेने भोके मोकळी करा. प्लास्टिकचा कागद पहिल्यासारखा घट्ट चिकटवा, नाहीतर ते पाणी आत पायाखाली येईल. मग पॅड अजून बाहेर असतानाच काच वर करून तिच्यावरून तांब्याभर पाणी सोडा आणि खाली वाकून बघा. भोकांतून धार लागली पाहिजे आणि कागदाची आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे.