धुराचा पैसा

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एके काळी पाद्र्याचा पगार तंबाखूत मोजत. १७४८च्या कायद्यानं तो वर्षाला १६,००० पौंड ठरवला होता. हे पौंड चलनाचे नव्हेत, वाळवलेल्या पानांच्या वजनाचे! अडीचशे वर्षांनी तिथं तंबाखूनं पुन्हा तिजोरी भरली, या खेपेला धूर होऊन.

झालं असं. सिगारेटपायी आजारी पडणाऱ्यांवरचा सरकारी खर्च भरून द्या, म्हणून राज्यं कंपन्यांच्या मागे लागली. १९९८मध्ये ४६ राज्यांशी समझोता झाला आणि कंपन्यांनी दरवर्षी हप्ते द्यायचं कबूल केलं. १९९९मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं एक आयोग स्थापला आणि राज्याच्या वाट्यातला निम्मा पैसा दक्षिण व नैर्ऋत्येकडच्या तंबाखूपट्ट्यासाठी त्याच्या हवाली केला. आधी शेतकऱ्यांना भरपाई, मग त्या मुलखाला पोटापाण्याचा दुसरा उद्योग. तंबाखूवर जगणाऱ्या मुलखाची ही अडचण तंबाखूच्या निपाणीतल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

खरी गंमत पुढेच आहे. हप्त्याची रक्कम सिगारेटच्या खपानुसार कमीजास्त होते. म्हणजे लोकांनी सिगारेट सोडली, की आयोगाची ओंजळ आटणार! म्हणून २००५मध्ये येणाऱ्या हप्त्यांच्या जोरावर रोखे विकले गेले. खप घसरण्याची धास्ती गुंतवणूकदारांकडे गेली, रोकड आयोगाकडे आली.

आयोग स्वतः कारखाना काढत नाही. काउंट्या, कॉलेजं, संस्था अर्ज करतात, सदस्य अनुदान मंजूर करतात. यात पाणी मुरतंच. साक्षरतेसाठी दिलेले लाखो डॉलर एका माजी सदस्यानं हडपले. तो पूर्वी राज्याचा अर्थसचिव होता. २०१०मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

पण याच पैशातून एक भलतंच पीकही आलं. आयोगानं त्या खेड्यापाड्यांतून शेकडो मैल ऑप्टिकल फायबर टाकायला मदत केली. रस्ते, पाणी सगळेच मागतात. तंबाखूच्या मुलखात काचेचे धागे पुरायचं सुचलं, याचं मला अप्रूप वाटतं. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या प्रचंड डेटा सेंटरसाठी याच पट्ट्यातलं, हे धागे पोचलेलं बॉयडटन हे जेमतेम चारशे वस्तीचं गाव निवडलं. नोकऱ्या जाहीर झाल्या अवघ्या पन्नास. मात्र तिथल्या यंत्रांवरचा कर काउंटीला मिळतो, आणि त्यासाठी कुणाला सिगारेट ओढावी लागत नाही.