गाण्याचा अन्वय

संस्कृत श्लोक कानास गोड लागणें ही एक गोष्ट आणि त्याचा अन्वय लागणें ही दुसरी. पहिलीस कान पुरतो. दुसरीसाठीं कर्ता कोठें, क्रियापद कोठें, हें शोधावें लागतें. तो शोध लागल्यानें श्लोकाची गोडी कमी होत नाहीं, उलट वाढते, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव आहे. रागदारी संगीताच्या बाबतींत मात्र सुशिक्षित घरांतूनहि एक विचित्र समज रूढ आहे, कीं गाणें केवळ भावनेनें ऐकावें. त्याची चिरफाड करूं गेल्यास रस निघून जातो. याचा परिणाम असा होतो कीं, पहिल्या दहा मिनिटांत घरांतील अर्धी मंडळी 'हें नुसतें आऽ आऽ काय चाललें आहे?' म्हणून उठतात. उरलेली मान डोलावतात, परंतु कशाकरितां तें त्यांस सांगतां येत नाहीं.

वस्तुतः गीताची बांधणी पाहण्याची दृष्टि आपल्याकडे नवी किंवा उसनी नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यांतील प्रबंधाध्यायांत गीताच्या अवयवांस 'धातु' असें नांव आहे. आरंभ करणारा तो उद्ग्राह. आरंभास पुढील भागाशीं जोडणारा तो मेलापक. कधींहि गाळतां न येणारा तो ध्रुव. आणि समाप्ति करणारा तो आभोग. मेलापक व आभोग गाळले तरी चालतील, उद्ग्राह व ध्रुव मात्र हवेतच, अशीहि तेथें व्यवस्था आहे. कोणता अवयव कशासाठीं, आणि कोणत्यावांचून गीताचा प्राण जातो, हा प्रश्न त्या काळींच विचारला गेला होता.

पुढें ध्रुपदांत स्थायी, अंतरा, संचारी व आभोग असे चार भाग स्थिर झाले. ख्यालानें त्यांतील पहिले दोनच ठेवले. स्थायी बहुधा मंद्र व मध्य सप्तकांत फिरते. अंतरा मध्य सप्तकांतून उठून तार षड्जास भिडतो. मग एवढ्याशा चिजेवर गायक पाऊण तास गातो कसा? याचें उत्तर असें कीं, चीज हें केवळ बीज होय. तिचा विस्तार गायक श्रोत्यांसमोर, तेथल्या तेथें करीत असतो, आणि त्या विस्तारास निश्चित क्रम असतो.

या विस्ताराचा खुंटा म्हणजे सम. ताल हें फिरतें चक्र आहे. तीनतालाच्या 16, एकतालाच्या 12, झपतालाच्या 10 मात्रा. चक्र पुरें झालें कीं पुनः पहिली मात्रा, तीच सम. तीनतालांत नवव्या मात्रेवर 'खाली' येते व त्या सुमारास डग्ग्याचा घुमारा कांहीं काळ थांबतो. सम जवळ येत असल्याची ती खूण समजावी. विलंबित एकतालांत एकेक मात्रा चार सेकंदांची धरली तर एका आवर्तनास 48 सेकंद लागतात. तेवढा वेळ गायक स्वरांत कोठेंहि हिंडो, शेवटीं चिजेचा मुखडा उचलून त्यास समेवर यावेंच लागतें. ज्यास सम कोठें आहे हें ठाऊक, तोच 'आतां हा वेळेवर पोंचतो कीं नाहीं' या उत्कंठेचा वांटेकरी होतो. इतरांस ती उत्कंठाच नाहीं, मग तिच्या निरसनाचा आनंद कोठून असणार?

दुसरी गोष्ट स्वरांची बढत. यमनाचें उदाहरण घेऊं. गायक प्रथम षड्जाभोंवतीं व मंद्र निषादाकडे घोटाळतो. मग ऋषभावरून गांधारावर येऊन तेथें रमतो, कारण गांधार हा यमनाचा वादी स्वर. त्यानंतर तीव्र मध्यम, पंचम, धैवत, निषाद अशा पायऱ्या एकेक उघडतात. तार षड्ज तो बराच वेळ राखून ठेवतो. आणि अंतऱ्यांत तो लागतो तेव्हां सभा एकदम निःश्वास टाकते. तेथून पुढें लय वाढत जाते. आलाप मागें पडून बोल व ताना येतात, आणि अखेरीस द्रुत चीज. प्रत्येक घराण्यांत यांचें प्रमाण निराळें. किराण्याचा ओढा सावकाश स्वरविस्ताराकडे, आग्र्याचा नोम्‌तोम् व बोलांच्या खेळाकडे, जयपूरचा गुंफलेल्या तानांकडे. परंतु मंदाकडून द्रुताकडे, खालून वर, हा ओघ बहुतेक सर्वत्र दिसतो.

बांधणीचें सामर्थ्य पाहावयाचें असेल तर भूप व देशकार शेजारीं ठेवावे. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पांच स्वर. भूपांत गांधार वादी व सप्तकाच्या पूर्वांगावर भर. देशकारांत धैवत वादी व उत्तरांगावर भर. एक रात्रीच्या प्रथम प्रहराचा, दुसरा सकाळचा. पंडित भातखंडे (1860–1936) यांनीं तर दोघांस निरनिराळ्या थाटांत बसविलें, भूपास कल्याणांत व देशकारास बिलावलांत. सामग्री एक, मांडणी दोन, आणि म्हणून राग दोन.

आज हा विचार अधिक अगत्याचा झाला आहे. हल्लीं घरोघर मोबाईलवर गाण्याचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे ऐकले जातात, आणि त्यांत बहुधा चपळ तान तेवढी उचललेली असते. जुन्या तबकड्याहि लहानच होत्या. पण त्या तुकडे नव्हत्या. गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेली. ती अवघी साडेतीन मिनिटांची, परंतु स्वयंपूर्ण रचना आहे. आखूड असणें हा दोष नव्हे. तोडलेलें असणें हा दोष होय. ज्या तानेपूर्वींचा आलाप आपण ऐकला नाहीं, ती तान म्हणजे मागचे अंक न पाहतां पाहिलेला नाटकाचा शेवटचा अंक. मुलांनीं संगीत असेंच ऐकलें, तर त्यांस कसरत तेवढी दिसेल, राग दिसणार नाहीं.

यावर उपाय घरांतल्या घरांत होण्यासारखा आहे. महिन्यास एकच राग निवडावा, आणि त्यांतील एक संपूर्ण ख्याल आठवड्यांतून एकदां सर्वांनीं मिळून ऐकावा. एकानें बोटांवर मात्रा मोजून सम दाखवावी. दुसऱ्यानें गायक कोणत्या स्वरावर थांबतो तें पाहावें. मुलांनीं अंतरा केव्हां सुरू झाला तें सांगावें. यास पेटी किंवा गळा यांची गरज नाहीं. चौथ्या आठवड्यास जो मुलगा समेवर आपण होऊन हात टेंकील, त्यास 'आऽ आऽ काय चाललें आहे' असें विचारण्याची पाळी पुनः येणार नाहीं.