उशिरा बोलणाऱ्या चुका

वेल्डिंगच्या कामात वाईट दिवस दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या दिवशी काहीच मनासारखे होत नाही. रॉड पुन्हा पुन्हा चिकटतो, पातळ पत्र्याला भोक पडते, जोडावर पुटकुळ्यांसारखी छिद्रे येतात आणि सगळे जोडून झाल्यावर लक्षात येते की बिजागरी उलट्या बाजूला लागली. मग शिव्या, ग्राइंडर आणि पुन्हा पहिल्यापासून काम. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी सगळे सुरळीत चाललेले असते. जोड देखणा दिसतो, रंग बसतो, माल वेळेवर जातो. आत मात्र काहीतरी राहून गेलेले असते. कारागीर वाईट दिवस म्हणतो तो पहिल्याला. वास्तविक पहिला स्वस्त असतो, कारण तिथे चूक समोर दिसते आणि तिथेच कापून टाकता येते. महाग पडतो तो दुसरा. वेल्डिंगमध्ये चूक आणि तिचे फळ यांच्यात काळाचे अंतर पडते, आणि या धंद्यातल्या खुळ्या वाटणाऱ्या चुका पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आधी हे काम कसे होते ते पाहू. रॉडचे टोक आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची ठिणगी अखंड धरली की तिथले तापमान 5000 ते 6000 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. पोलाद तर साधारण 1500 अंशांनाच वितळते. वितळलेल्या धातूचे ते लहानसे तळे काही क्षणच पातळ असते, आणि तेवढ्या वेळात त्याला हवेपासून वाचवावे लागते. हे काम रॉडवरचे लेपन करते, किंवा मिग-टिग पद्धतीत बाहेरून सोडलेला वायू करतो. नेहमीच्या बहुतेक चुका या साध्या गोष्टीभोवती फिरतात. वायूच्या नळकांड्याची चावी उघडायची राहिली, उकडते म्हणून पंखा थेट कामावर लावला, जोडावरचा गंज, तेल किंवा रंग घासला नाही, आधीच्या थरावरचा स्लॅग, म्हणजे वर जमलेली कडक खपली, ठोकून न काढता त्यावर दुसरा थर मारला, अर्थचा चिमटा रंगावरच लावला, ध्रुव उलटे जोडले. यांपैकी एकही चूक हाताच्या कौशल्याची नाही. बहुतेक सगळ्या ठिणगी पडण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून आज हात चालत नाही असे वाटू लागले की हातावर शंका घेण्याआधी चिमटा, केबल, रॉड आणि वायू तपासावा, हे जुने मिस्त्री सांगतात त्यात तथ्य आहे.

आता फळ मिळायला किती वेळ लागतो ते पाहा. काळी काच न लावता ठिणगीकडे पाहिले, तर त्या क्षणी फारसे काही होत नाही. त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. त्यात शेजारी पट्टी धरून उभा असलेला मदतनीसही अनेकदा सापडतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप मुलामा न काढता जोडला, की जस्ताच्या धुराने संध्याकाळपर्यंत थंडी वाजून ताप भरतो, आणि घरचे हवापालटाला दोष देतात. गाडीच्या किंवा यंत्राच्या सांगाड्यावर वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा जोडापासून दूर कुठेतरी लावला, तर परतीचा प्रवाह मधल्या बेअरिंगमधून वाट काढतो. बेअरिंगच्या आत बारीक खड्डे पडतात आणि आवाज येऊ लागतो तो बऱ्याच दिवसांनी. तोवर वेल्डिंग कुणाच्या लक्षातही नसते.

सर्वांत फसवा प्रकार हायड्रोजनचा. रॉडच्या लेपनात मुरलेली ओल ठिणगीच्या उष्णतेत फुटते, तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आत अडकतो. जाड किंवा उच्च ताकदीच्या पोलादात तो हळूहळू जोडाशेजारच्या कडक झालेल्या पट्ट्यात साठतो, आणि कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनी, तिथे तडा जातो. म्हणूनच अशा कामांची अंतिम तपासणी 48 तास थांबून करण्याची पद्धत आहे. संध्याकाळी उत्तम ठरलेला जोड परवा सकाळी तडकलेला असू शकतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रॉडचे फोडलेले पाकीट शेडमध्ये उघडे राहिले, तर ही ओल फुकट मिळते. 7018 जातीचे कमी हायड्रोजनचे रॉड पाकीट फोडल्यावर गरम ओव्हनमध्येच ठेवावे लागतात आणि बाहेर काढले की काही तासांत वापरावे लागतात. ग्रिलच्या कामात सर्रास चालणाऱ्या 6013 ला मात्र तेवढी भाजणी देत नाहीत, आणि सेल्युलोजच्या लेपनाला थोडी ओल लागतेच, ते भाजले तर बिघडते. म्हणजे ‘रॉड सुकवा’ एवढा सरसकट नियमही पुरत नाही. पाकिटावरच्या सूचना वाचाव्या लागतात.

आपण शिकतो ते बहुतेक वेळा चटका बसल्यावर, आणि चटका लगेच बसतो म्हणून. तव्याला एकदा हात लागला की पुन्हा सांगावे लागत नाही. वेल्डिंगमधल्या या चुकांचा चटका उशिरा बसतो, अनेकदा दुसऱ्यालाच बसतो, आणि कधी बसतही नाही. ओल्या रॉडने मारलेले शंभर जोड ग्रिलमध्ये निभावून जातात, आणि त्यातून माणूस उलटाच धडा घेतो: ‘एवढी वर्षे असेच करतोय, काही झाले नाही.’ अनुभव इथे गुरू असतोच असे नाही. चुकीच्या सवयीवर तो शिक्काही मारतो. त्यामुळे ‘लक्ष देऊन काम कर’ हा उपदेश अपुरा पडतो. लक्ष दिसणाऱ्या गोष्टीकडे जाते, आणि इथे दोष दिसत नाही.

चूक आणि फळ यांच्यातले हे अंतर किती भयंकर असू शकते ते उत्तर समुद्रात दिसले. ‘अलेक्झांडर कीलँड’ हा पाच पायांचा तरंगता मंच तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या निवासासाठी वापरला जात होता. 27 मार्च 1980 च्या संध्याकाळी वादळात त्याची एक आडवी नळी तुटली, मग शेजारच्या नळ्या तुटल्या, एक पाय निखळला आणि मंच उलटला. त्यावरच्या 212 जणांपैकी 123 जण गेले. चौकशीत मूळ सापडले ते एका किरकोळ जोडात. पाण्याखालचे ध्वनियंत्र बसवण्यासाठी त्या नळीला भोक पाडून एक छोटा आधार जोडला होता, आणि त्याभोवतीचा कोनी जोड अवघ्या 6 मिलिमीटरचा होता. तो मुख्य सांगाड्याचा भाग न मानता जोडसामान मानला गेला, म्हणून त्याच्याकडे तेवढ्या बारकाईने पाहिले गेले नाही. तड्याच्या आत रंगाचे अंश मिळाले. म्हणजे मंच गोदीतून निघण्याआधीच, रंग देताना तडा तिथे होता. मंच 1976 मध्ये कामावर आला होता. पुढची जवळजवळ चार वर्षे लाटांनी तो तडा वाढवत नेला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अशा चुका कच्च्या कारागिरांच्या असतात. शिकलेला, परीक्षा दिलेला वेल्डर त्या करत नाही. शिक्षणाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि तिरुचिरापल्लीत भेलने 1975 मध्ये उभारलेली वेल्डिंग संशोधन संस्था यांची गरज आहेच. पण वेल्डरची परीक्षा टेबलावर ठेवलेल्या स्वच्छ तुकड्यावर होते, आणि काम परांचीवर, शिडीवर, वाऱ्यात होते. जागेची अडचण काय करते ते पाहा. 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपानंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात शंभराहून अधिक पोलादी इमारतींच्या तुळया आणि खांब यांच्या जोडांत तडे आढळले. इमारती उभ्या होत्या. आवरण काढल्यावर तडे दिसले. तुळईच्या खालच्या पट्टीचा जोड मारताना मधला उभा पत्रा आडवा येई, त्यामुळे वेल्डरला अर्ध्यावर थांबून दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरुवात करावी लागे. दोष साठत तो नेमका तिथे, आणि ध्वनिलहरींची तपासणी अवघड होई तीही नेमकी तिथेच. शिवाय वापरलेल्या रॉड-तारेच्या धातूत धक्का सोसण्याची चिवटता कमी होती. चूक हाताने झाली, पण हाताला तिथे नेऊन उभे केले आराखड्याने.

याची आधीची आवृत्ती दुसऱ्या महायुद्धातली. अमेरिकेने ‘लिबर्टी’ प्रकारची 2,700 हून अधिक मालवाहू जहाजे झपाट्याने बांधली, रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरून. त्याच काळातले ‘स्केनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज 16 जानेवारी 1943 रोजी पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात, मधोमध फाटले. पहिला संशय साहजिकच नवशिक्या वेल्डरांवर गेला, आणि सदोष जोड सापडलेही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या अभ्यासाने दाखवले की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होते, आणि रिव्हेटच्या सांध्यापाशी जो तडा थांबला असता तो सलग जोडलेल्या पोलादातून सरळ धावत गेला. डेकवरच्या झाकणांच्या तोंडांचे काटकोनी कोपरे तडा सुरू व्हायला सोयीचे ठरत होते. वेल्डरची चूक खरी होती, पण तिच्यावर बोट ठेवून सगळे मोकळे झाले असते, तर खरे कारण हाती लागले नसते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ओव्हन, तपासणी, 48 तासांची वाट हे कोणाला परवडणार? खिडकीच्या ग्रिलला एवढे सोपस्कार हवेत कशाला? ग्रिलला नकोतच. पण त्याच शेडमध्ये गॅलरीचे कठडे, झोपाळ्याचे हुक, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॉलीचे हुकही होतात, आणि ते वजन पेलतात. शिवाय सर्वांत उपयोगी खबरदाऱ्यांना फारसा पैसा लागत नाही. रॉड हवाबंद डब्यात ठेवणे, जोड घासून उघडा करणे, चिमटा जोडाजवळ लावणे, मदतनीसाला काच देणे, प्रत्येक थरानंतर स्लॅग काढणे, आणि कधीकाळी तेल किंवा रसायन भरलेल्या रिकाम्या पिंपाला धुऊन, आतली वाफ पूर्ण काढून टाकल्याशिवाय हात न लावणे. ही शेवटची खबरदारी चुकली तर फळाला उशीरही नसतो. पिंपात उरलेल्या वाफेचा तिथल्या तिथे स्फोट होऊ शकतो.

तिसरा आक्षेप भविष्यातला: रोबोट आले की हा प्रश्न मिटेल. चाकणच्या मोटार कारखान्यांत रोबोट आहेतच, आणि त्यांचा हात थरथरत नाही हे खरे. पण वायूचा दाब चुकीचा ठेवला, किंवा पत्रे नीट बसले नाहीत, तर तीच चूक रोबोट न थकता शेकडो भागांवर सारखी उमटवतो. यंत्र हाताची जागा घेते. तयारी आणि तपासणीची जागा ते घेत नाही.

म्हणून चूक टाळण्याचे काम स्मरणशक्तीवर आणि शहाणपणावर सोडू नये. ठिणगी पाडण्याआधी पाहायच्या पाच-सहा गोष्टी भिंतीवर लिहून ठेवाव्यात आणि रोज, अनुभवी हातानेही, त्या क्रमाने पाहाव्यात. चूक दिसली तर ती सांगणाऱ्याची मजुरी कापू नये. कापली तर पुढच्या वेळी तो तिच्यावर रंग मारेल. थकलेल्या माणसाकडून शेवटचा, वजन पेलणारा जोड मारून घेऊ नये. आणि कठडा किंवा टाकीचे स्टँड करून घेणाऱ्या गिऱ्हाईकानेही रंग देण्याआधी एकदा जोड पाहावा. रंगाखाली काय आहे हे विचारण्याची वेळ रंग लागण्याआधीची असते.