गेजचं निमित्त

करी रोड स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलं की खालून पंजाब मेल जाताना दिसते. इथे ती थांबत नाही. तिच्याकडे बघत कुणीतरी हमखास म्हणतं, "ही गाडी युरोपपर्यंतसुद्धा गेली असती, पण आपलं गेज पडलं वेगळं. इंग्रजांनी मुद्दाम तसं ठेवलं." हे वाक्य मी लोकलच्या गर्दीत ऐकलंय, लालबागच्या मंडपात रात्री जागताना ऐकलंय, स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलांच्या वह्यांतही वाचलंय. प्रत्येक वेळी तेच कारण आणि तेवढीच खात्री.

हे कारण चुकीचं आहे. आणि ते लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खऱ्या अडचणीविषयी कुणी विचारतच नाही.

करी रोडच्या फलाटासमोरच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजेच गेज, १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट आहे. अमृतसरला आणि सीमेवरच्या अटारीलाही तेवढंच. वाघा ओलांडल्यावर लाहोरला, कराचीला, क्वेट्यालाही तेवढंच. क्वेट्याहून पश्चिमेला गेलेली लाईन तर इराणच्या हद्दीत शिरून झाहेदान गावापर्यंत पोहोचते, तीही याच मापाची. इराणचं स्वतःचं १४३५ मिलिमीटरचं गेज झाहेदानला सुरू होतं. म्हणजे करी रोडहून निघालेल्या वाघिणीला गेजची पहिली अडचण येईल ती थेट इराणमध्ये. पण ती वाघीण अटारीच्या पुढेच जाऊ शकत नाही. तिथे तर दोन्हीकडचं गेज तंतोतंत एक आहे!

पंजाब मेल १९१२मध्ये सुरू झाली तेव्हा ती पेशावरपर्यंत जात होती. आज ती फिरोजपूरला थांबते. रुळांचं माप तेच राहिलं, मधे सरहद्द आली. १९७६पासून समझोता एक्सप्रेस अटारीहून लाहोरकडे जायची. तीही ऑगस्ट २०१९मध्ये बंद झाली आणि त्याच महिन्यात मुनाबाव–खोखरापार मार्गावरची थार एक्सप्रेसही थांबली. या दोन्ही गाड्या बंद करताना रुळाचा एक तुकडाही कुणी उखडला नाही.

आता ते "इंग्रजांनी मुद्दाम". बोरीबंदरहून ठाण्याला १८५३मध्ये पहिली गाडी गेली तेव्हा इराणात, ब्रह्मदेशात, चीनमध्ये रेल्वेच नव्हती. जी रेल्वे अस्तित्वातच नाही तिच्यापासून तुटून राहण्यासाठी कुणी गेज ठरवत नाही.

बरं, गेज खरोखरच बदललं तर? तर ते बदलून घेतात. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर ब्रेस्टला प्रवासी डबे जॅकवर उचलून त्यांच्याखालच्या बोगी बदलण्याचं काम वर्षानुवर्षं चालायचं. (बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण परळच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, तो लगेच दुरुस्त करेल.) स्पेनची टाल्गो गाडी १९६९पासून बार्सिलोनाहून जिनिव्हाला जाताना धावता धावताच चाकांमधलं अंतर बदलून घ्यायची. मालाचं काम तर आणखी सोपं असतं. क्रेनने कंटेनर एका वाघिणीवरून उचलायचा आणि शेजारच्या रुळावरच्या वाघिणीवर ठेवायचा. चीनहून युरोपला जाणाऱ्या मालगाड्यांना कझाकस्तानात शिरताना १४३५चं १५२० आणि पोलंडमध्ये परत १४३५ असं दोनदा गेज बदलावं लागतं. तरीही दर वर्षी अशा हजारो गाड्या जातात. आशियाई रेल्वेजाळ्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेला करार २००९मध्ये लागू झाला. त्याच्या परिशिष्टात गेज कुठल्या स्थानकांवर बदलतं याची सरळ नोंद आहे. करार करणाऱ्यांनी गेजबदल हा मार्गाचाच भाग धरला होता.

आपल्याला हे नवं वाटायचं खरं तर कारण नाही. मुंबईच्या तारांत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि इगतपुरीच्या पुढे २५ हजार व्होल्टचा एसी. गावी जाताना इगतपुरीला इंजिन बदलायचं, तेवढ्यात आपण खाली उतरून चहा घ्यायचो. मध्य रेल्वेचं सीएसएमटीपर्यंतचं एसीकरण २०१५मध्ये पूर्ण झालं. त्याआधीच्या कित्येक दशकांत विजेची दोन जाळी भिन्न आहेत म्हणून नाशिकची गाडी सुटत नाही, असं कधी झालं नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते कागदांवर. सगळ्यात स्पष्ट पुरावा कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेसचा आहे. ती २००८मध्ये सुरू झाली तेव्हा गेदे आणि दर्शना या सीमेवरच्या स्थानकांवर सगळ्या प्रवाशांना सामानासकट उतरवून तपासणी व्हायची आणि त्यात काही तास जायचे. नोव्हेंबर २०१७मध्ये पासपोर्ट आणि कस्टम्सची तपासणी कोलकाता आणि ढाक्याच्या स्थानकांवरच होऊ लागली. रूळ आणि गाडी तीच, प्रवास मात्र तासांनी कमी झाला. आणि जुलै २०२४मध्ये बांगलादेशात परिस्थिती बिघडली, तेव्हा त्याच रुळांवरची ती गाडी बंद झाली.

अफगाणिस्तान आणि पाकिस्तानचा २०१०चा पारगमन करार बघा. त्यानुसार अफगाण माल वाघा सीमेपर्यंत आणता येत होता, पण त्याच वाटेने भारतीय माल अफगाणिस्तानला नेण्याची तरतूद त्यात नव्हती. वाट एकच होती, परवानगी एकाच दिशेची. किंवा भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांचा मोटार वाहन करार घ्या. तो जून २०१५मध्ये थिंफूला झाला. परक्या ट्रकांची वर्दळ आपल्या छोट्या देशाला झेपणार नाही, अशी चिंता भूतानमध्ये होती. तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने तो नाकारला आणि भूतान बाजूला झाला. त्यांची चिंता मला समजते. पण त्या वाटेवरचा रस्ता आधीपासून होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

करी रोडकरांना तर हे दारातच बघायला मिळालंय. लोअर परळचा डिलाईल पूल धोकादायक ठरून जुलै २०१८मध्ये बंद झाला आणि पूर्ण उघडला नोव्हेंबर २०२३मध्ये. रुळांवरचा भाग पश्चिम रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे. एका शहरातल्या, एका भाषेत बोलणाऱ्या दोन यंत्रणांना एकाच पुलासाठी आपापली कामं एकमेकांशी जुळवावी लागली. मग दोन देशांचे कस्टम्स, विमा, वाहन परवाने, चालकांचे व्हिसा आणि अपघात झाल्यास जबाबदारी कुणाची, हे सगळं जुळवायला काय लागत असेल? त्यासाठीच टीआयआर हा आंतरराष्ट्रीय करार आहे. कंटेनरला निघताना सील लागतं आणि वाटेतल्या देशांनी एरवी तो उघडायचा नाही. भारत त्यात २०१७मध्ये सामील झाला. या बातमीची चर्चा पुलावर मी कधी ऐकली नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"मुंबई–मॉस्को कॉरिडॉर म्हणजे रेल्वे." नाही. २०००मध्ये भारत, इराण आणि रशियाने सही केलेला तो उत्तर–दक्षिण मार्ग सुमारे ७,२०० किलोमीटरचा आहे आणि त्याची सुरुवात जहाजाने होते, न्हावा शेव्याहून बंदर अब्बासला. इराणमध्ये रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा अजून जोडायचा आहे. त्यासाठी रशिया आणि इराणचा करार २०२३मध्ये झाला.

"त्यातून आपण फिरायला जाऊ." तो मार्ग मालासाठी आहे.

"एशियन हायवे म्हणजे नवा रस्ता." एएच ४७ म्हणजे धुळे, नाशिक, ठाणे, मुंबई, पुणे करत बेंगळुरूला जाणारा आपला नेहमीचाच महामार्ग. त्याला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलाय, इतकंच.

"नेपाळला रेल्वे नाही." बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या कुर्थापर्यंत प्रवासी गाडी एप्रिल २०२२मध्ये सुरू झाली. तीही १६७६च्या गेजवर.

पंजाब मेलने फिरोजपूरला उतरलात तर थोडं पुढे हुसैनीवालाला जाऊन या. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची समाधी तिथे आहे. २३ मार्चला आणि वैशाखीला तिथे खास गाडी जाते. सतलजच्या अलीकडेच रूळ संपतात. नदीपलीकडे पाकिस्तानातलं कसूर जंक्शन आहे आणि तिथल्या लाईनचं गेज १६७६ मिलिमीटर आहे.